पलटणीचा तुरा: अभिमान कुठं वाढतो, फूट कुठं पडते

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. तो भरतीची तयारी करतोय. मोठा भाऊ तोफखान्यात आहे, चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. दोघं एकत्र आले की टोपी-बिल्ल्यावरून चेष्टा सुरू होते आणि कधीकधी ती चेष्टेपलीकडं जाते. त्यावरून तो विचारतो: "देश एक, सैन्य एक, मग प्रत्येक रेजिमेंटची टोपी वेगळी, तुरा वेगळा, बिल्ला वेगळा कशाला? यानं अभिमान वाढतो की फूट पडते? सगळ्यांना एकच गणवेश का देत नाहीत?"

मी मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून लागलो आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो. मधे बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला उस्ताद, म्हणजे नव्या पोरांना शिकवणारा होतो, काश्मिरात अतिरेक्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्समध्येही होतो. तेव्हा पोरांच्या मनात तुऱ्याचा अभिमान रुजवायचं काम केलंय, आणि पाच प्रकारच्या टोप्यांचे जवान एकाच चौकीत नांदवायचंही केलंय. माझं मत आधीच सांगतो. रायफल हातात असलेल्या शिपायाला स्वतःच्या पलटणीची वेगळी खूण हवीच. पण हुद्दा जसा वर चढतो, तशी ती खूण मागं पडत गेली पाहिजे. आणि खूण घाम गाळून मिळवलेली असावी. जन्मावरून मिळणारी खूण माणसं जोडते तशी तोडूही शकते.

सेंटरला काय होतं ते आधी बघ. चंदगडचा, शिरोळचा, बीडचा, रत्नागिरीचा पोरगा येतो. घरची चप्पल, घरची बोली, घरचा ताठा घेऊन येतो. पहिल्या आठवड्यात केस जातात आणि सगळे सारखे दिसायला लागतात. मग कधीतरी हिरवी बेरे टोपी हातात पडते. नवी टोपी डोक्यावर धड बसत नाही, फुगून राहते. ती गरम पाण्यात बुडवायची, मग गार पाण्यात, पिळून ओलीच डोक्यावर चढवायची, उजव्या कानाकडं ओढून तळहातानं दाबत राहायची, आणि डोक्यावरच वाळू द्यायची. वाळली की वरची लव ब्लेडनं हलक्या हातानं काढायची. बिल्ला बरोबर डाव्या डोळ्यावर आला पाहिजे. दोन बोटं इकडंतिकडं झाली तर उस्ताद रगडा देतो. लाल-हिरवा तुरा तर पोरं जिवापाड जपतात. प्लॅस्टिकच्या नळीत घालून ट्रंकेत ठेवतात, पिसं चेपली तर चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून फुलवतात. ज्या पोरानं घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाही, तो त्या चार बोटांच्या पिसांसाठी रात्री जागतो. मी हे पुष्कळ पोरांमध्ये घडताना पाहिलंय. बाहेरच्याला तो दिखावा वाटतो. त्या पोराला मात्र पहिल्यांदाच कळत असतं की आपल्या अंगावर आपल्या आधीच्यांचं काहीतरी आहे आणि ते आपल्या हातून मळता कामा नये.

फौजेत याला 'नाम, नमक, निशान' म्हणतात. मराठ्यांच्या निशाणावर बिगुल आहे तो शोभेसाठी आलेला नाही. १८४० साली बलुचिस्तानात कहानचा किल्ला पाचव्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी वेढ्यात राहून लढवला, त्याबद्दल पुढच्या वर्षी तिला 'लाइट इन्फंट्री' हा मान मिळाला. तीच आपली 'काळी पाचवी'. आम्ही परेडला इतरांपेक्षा जलद पावलं टाकतो तेही त्याच मानापायी. उस्ताद हे रंगरूटाला सांगतो तेव्हा इतिहासाचा तास घेत नसतो. तुझ्याकडून अपेक्षा काय आहे, ते तो सांगत असतो.

आता लढाईतलं बघ. १० जुलै १९४४ ला इटलीत नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले होते, काही मेले, काही जखमी. ते एकटे मशिनगनवर धावून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढं ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढलं, जर्मन मशिनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून पलटणीची ललकारी दिली. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, जाधव पहिलीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची गोष्ट तुझ्या प्रश्नाला थेट लागू आहे.

१९५२ ला ती तिसरी बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा झाली. हिरवी टोपी गेली, मरून आली. टोपी बदलल्यानं माणसं परकी होत असती तर इथं व्हायला हवी होती. ११ डिसेंबर १९७१ ला हीच २ पॅरा आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला विमानांतून उतरली आणि तिनं पुंगलीचा पूल धरला. पाठोपाठ जमिनीवरून रेटत येऊन तिला मिळाली ती १ मराठा, जंगी पलटण. एका बाजूला मरून टोपी, दुसऱ्या बाजूला हिरवी, दोघांचा बाप एकच. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरलेल्या पहिल्या तुकड्यांत २ पॅरा होती. दोन वेगळे बिल्ले एका कामाला लागले की एकमेकांवर कुरघोडीची ईर्षा कामालाच उपयोगी पडते. १ मराठाला पुलावर लवकर पोचायचं होतं, कारण तिथं अडकलेली माणसं आपली होती. आणि 'आपली' हा शब्द तिथं दोन्ही अर्थांनी खरा होता.

यात कोल्हापूरचाही वाटा आहे. आपल्या संस्थानची राजाराम रायफल्स होती, तिची स्वतःची शान होती. १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि ती फौज मराठा लाइट इन्फंट्रीत आली. नाव गेल्याचं दुःख जुन्या लोकांना झालं असणारच. पण त्या घराण्यांतली पुढची पोरं त्याच लाल-हिरव्या तुऱ्याखाली गेली. सैनिक टाकळीसारख्या गावात जा आणि घराघरांतले फोटो बघ. एका भिंतीवर तीन पिढ्यांच्या तीन वेगवेगळ्या टोप्या दिसतील.

तरी फूट पडतच नाही असं मी म्हणणार नाही. पडते, आणि वाईट पडते.

टोपी लादल्यानं काय होतं ते वेल्लोरला दिसलं. मद्रास फौजेच्या सरसेनापतीनं शिपायांवर नव्या तऱ्हेची पगडी लादली, तिला चामड्याचा तुरा होता. जोडीला हुकूम आला की कपाळावर गंध नको, दाढी नको. १० जुलै १८०६ च्या पहाटे किल्ल्यातले शिपाई उठले. शंभराच्या वर गोरे मारले गेले, नंतर शेकडो शिपायांना जीव गमवावा लागला. हुकूम मागं घेतला गेला, सरसेनापती आणि गव्हर्नर दोघांनाही परत बोलावलं गेलं. डोक्यावर काय घालायचं हे माणसाच्या इभ्रतीशी बांधलेलं असतं, हे तेव्हापासून फौजेला कळलंय. आज शीख जवान कुठल्याही रेजिमेंटमध्ये गेला तरी पगडी घालतो आणि बिल्ला त्या रेजिमेंटचा लावतो. जनरल जे. जे. सिंग ९ मराठाचे. पगडीवर मराठ्यांचा बिल्ला लावणारा हा अधिकारी २००५ ला देशाचा लष्करप्रमुख झाला. त्यांच्या पगडीनं मराठा पलटणीचं काही कमी झालं नाही, आणि बिल्ल्यानं त्यांच्या शीखपणाचंही नाही.

दुसरी फूट पडते ती गर्वानं. कॅनडाची एअरबोर्न रेजिमेंट त्या देशाची सगळ्यात निवडक पलटण, मरून टोपीची. १९९३ ला सोमालियात तिच्या जवानांनी पकडलेल्या एका पोराला छळून मारलं. मग नव्या जवानांना घाणेरड्या रीतीनं 'सामील करून घेण्या'च्या चित्रफिती बाहेर आल्या, आणि १९९५ ला सरकारनं अख्खी रेजिमेंटच मोडली. बिल्ल्याच्या आत काय शिजतंय हे वरच्यांनी बघायचं सोडलं की असं होतं. 'आम्ही सगळ्यांपेक्षा भारी' इथून 'आम्हाला नियम लागू नाहीत' इथवर जायला फार वेळ लागत नाही. उस्ताद म्हणून मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटायची. म्हणून रंगरूटांसमोर दुसऱ्या पलटणीची टवाळी करणाऱ्या नाईक-हवालदाराला मी तिथल्या तिथं थांबवायचो. आपल्या पलटणीची बढाई खुशाल मार, पण दुसरीला नावं ठेवायची नाहीत.

मग सगळ्यांना एकच टोपी द्यावी, हा तुझा उपाय. अमेरिकेनं तो करून बघितला. तिथं काळी बेरे रेंजरांची, म्हणजे निवडक पायदळाची होती. ऑक्टोबर २००० मध्ये लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी जाहीर केलं की पुढच्या जूनपासून सगळ्या फौजेला काळी बेरे. हेतू चांगला होता, सगळ्यांना एक अभिमान मिळावा. पण माजी रेंजर निषेधासाठी जॉर्जियातल्या छावणीपासून वॉशिंग्टनपर्यंत चालत गेले. शेवटी रेंजरांना वेगळी बदामी टोपी द्यावी लागली. आणि ज्यांना काळी टोपी फुकट मिळाली त्यांना तिचं कौतुक वाटलंच नाही. उन्हात डोळ्यांवर सावली येत नाही, दोन्ही हातांनी बसवावी लागते, अशाच तक्रारी आल्या. २०११ ला रोजच्या गणवेशात पुन्हा साधी टोपी आली. कमावलेली खूण वाटून टाकली की कमावणाऱ्याचा मान जातो आणि घेणाऱ्याला काहीच मिळत नाही. ब्रिटिशांनी २००६ ला स्कॉटलंडच्या जुन्या रेजिमेंटी एकत्र करून एकच केली, तेव्हा निदान प्रत्येक बटालियनला टोपीवर आपल्या रंगाचा तुरा ठेवू दिला. ब्लॅक वॉचचा लाल तुरा आजही आहे. मला हा शहाणपणा वाटतो.

आता दुखऱ्या जागेकडं येतो, कारण घरात चेष्टा होते ती टोपीवरून असली तरी गावात बोललं जातं ते जातीवरून. आपल्याकडच्या काही रेजिमेंटी जातीच्या, प्रांताच्या नावाच्या आहेत. १८५७ नंतर इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि बाकीच्यांना दार लावलं. महार समाजाची माणसं मुंबई फौजेत पूर्वीपासून होती, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ ला १११ महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हा विषय लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली, तीही आपल्या बेळगावात. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ज्या माणसाला गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याच्या टोपीवर तो बिल्ला आला तेव्हा त्याच्या बापाला काय वाटलं असेल, याचा विचार कर. त्या बिल्ल्यानं समाजात फूट पाडली असं म्हणणाऱ्याला मी विचारेन, फूट आधीपासून कुणी पाडून ठेवली होती?

पुढं त्या रेजिमेंटनं काय केलं ते जास्त शिकण्यासारखं आहे. तिनं आपली दारं देशभरच्या सगळ्या समाजांना उघडली. बिल्ल्यावर मशिनगनी आल्या, ब्रीद 'यश सिद्धी' आणि ललकारी 'बोलो हिंदुस्तान की जय'. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी, दोघेही लष्करप्रमुख, दोघेही महार रेजिमेंटचे, दोघेही दक्षिणेतले. नाव तेच, मान तोच, पण आत येण्याची अट बदलली. माझ्या मते हाच रस्ता आहे. जनरल करिअप्पांनी १९४९ ला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली ती सगळ्या जातीप्रांतांची. त्यासाठी त्यांनी पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत रेजिमेंटच्या जुन्या बटालियनी घेतल्या. गरुडाचा बिल्ला नवा दिला, पण जुनं नाव कंसात राहू दिलं. कोऱ्या पाटीवर अभिमान उगवत नाही, हे करिअप्पांना ठाऊक होतं. स्वातंत्र्यानंतर जातीच्या नावानं नवी रेजिमेंट काढायची नाही हे सरकारचं धोरण राहिलंय, आणि ते बरोबर आहे. माझ्या रेजिमेंटचं नाव मराठा आहे याचा मला अभिमान आहे, पण उद्या तिथल्या भरतीची दारं आणखी रुंद झाली तर तुरा एका पिसानंही लहान होणार नाही. अधिकाऱ्यांच्या बाबतीत तर हे कधीपासूनच आहे. मल्याळी, बंगाली, पंजाबी साहेब येतात, सहा महिन्यांत मराठीत शिव्या शिकतात, वर्षात 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' आमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणतात.

राष्ट्रीय रायफल्सचं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. तिथं बटालियनमधले साधारण निम्मे जवान एखाद्या पायदळ रेजिमेंटचे असतात, बाकी तोफखाना, सिग्नल, रसद पुरवणारी सर्व्हिस कोअर, यंत्रं-गाड्या दुरुस्त करणारी ईएमई असे सगळीकडून येतात. आल्यावर टोपीवर सगळ्यांना एकच बिल्ला, राष्ट्रीय रायफल्सचा. जुना ट्रंकेत जातो. पण नुसता बिल्ला बदलून माणसं मिसळत नाहीत, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं. सुरुवातीला लंगरात ताटं घेऊन मराठे एका बाकावर बसायचे, गनर म्हणजे तोफखान्याचे दुसऱ्या. सिग्नलचा एक तमिळ ऑपरेटर होता, तो रेडिओ सेटशेजारी एकटाच जेवायचा. आमच्या कंपनी हवालदार मेजरनं साधी गोष्ट केली. बडी जोड्या लावताना एका टोपीचे दोघं एकत्र ठेवलेच नाहीत. मराठ्याला सिग्नलवाला, गनरला ईएमईचा. गस्तीवर बडीच्या जिवावर आपला जीव असतो. बर्फातून उतरताना त्या ऑपरेटरच्या सेटची बॅटरी त्याचा सांगलीकडचा बडी स्वतःच्या पाठीवर घ्यायचा, आणि रात्री पहाऱ्यावर तो त्याला तमिळमधले आकडे शिकवायचा. महिनाभरात लंगरातले बाक आपोआप मिसळले. चार फेब्रुवारीला, सिंहगडच्या स्मरणाचा मराठा दिवस आला तेव्हा गनरांनी शिरा केला, आणि २८ सप्टेंबरच्या गनर्स डेला आम्ही. कुणी कुणाचा अभिमान काढून घेतला नाही. कर्नल संतोष महाडिक, आपल्या साताऱ्याकडचे, २१ पॅराचे, ४१ राष्ट्रीय रायफल्सची कमान सांभाळताना १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात गेले. २१ पॅरा हीसुद्धा मुळात २१ मराठाच. त्यांच्यासोबत लढणाऱ्या जवानांतले कितीतरी वेगळ्या टोपीतून आलेले होते.

आपल्या कोल्हापुरात हे समजावायला शाहू स्टेडियम पुरेसं आहे. पेठेच्या तालमीच्या जर्सीसाठी पोरं नव्वद मिनिटं जीव टाकून खेळतात, तीच पोरं जिल्ह्याच्या संघात एकमेकांना पास देतात. भांडण होतं ते गॅलरीत, जे कधी मैदानात उतरत नाहीत त्यांच्यात. फौजेतही मी हेच पाहिलंय. टोपीवरून कडवट बोलणारा बहुतेकदा मागच्या फळीत असतो.

वरच्या हुद्द्यांचं मात्र वेगळं. ब्रिगेडमध्ये तीन बटालियनी असतात, तिन्ही वेगळ्या रेजिमेंटच्या असू शकतात. ब्रिगेडियर साहेबांच्या टोपीवर त्यातल्या एकीचा बिल्ला असला, तर बाकी दोन पलटणींच्या जवानांच्या मनात शंका येते: कठीण कामगिरी कुणाला देतील, सन्मानासाठी नावं कुणाची पाठवतील? साहेब कितीही सरळ असले तरी शंका येतेच. म्हणून १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांना एकच गणवेश झाला. टोपी, खांद्यावरचे बिल्ले, कॉलरच्या पट्ट्या, बेल्ट, बूट, सगळं सारखं, खांद्यावरची दोरी म्हणजे लॅनयार्ड नाही. कर्नल आणि खाली काही बदललं नाही. माझ्यासारख्या जुन्या माणसांतले काही हळहळले. मला तो निर्णय पहिल्या दिवसापासून पटला. पलटण चालवणाऱ्याला पलटणीची खूण हवी, आणि अनेक पलटणी चालवणाऱ्याला ती नको.

तुझ्या घरातलं आता. भावाला सांग, तोफखान्याला वेगळं निशाण लागत नाही, कारण त्यांची तोफच त्यांचं निशाण असते आणि ती शत्रूच्या हाती पडू द्यायची नसते. चुलत्यांना हे माहीत आहे, विचारून बघ. पायदळातला माणूस तोफखान्याची चेष्टा करतो, पण हल्ल्याच्या आधी आपल्या डोक्यावरून गोळे पुढं जाताना ऐकले की हात जोडतो. दोघांना एकमेकांच्या लढायांबद्दल बोलायला लाव. टोपीवरून बोलणं आपोआप कमी होईल.

आणि एक तुझ्यासाठी. तू पाठवलेल्या फोटोत तुमच्या अकॅडमीच्या टी-शर्टवर पॅरा स्पेशल फोर्सेसचा 'बलिदान' बिल्ला छापलाय. तो उतरवायला सांग. पॅराच्या इतर बटालियनींनासुद्धा तो लावता येत नाही, फक्त स्पेशल फोर्सेसच्या जवानांना येतो. २०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर तो दिसला तेव्हा आयसीसीनं काढायला लावला. धोनी तर पॅराच्या टेरिटोरियल आर्मीचा मानद लेफ्टनंट कर्नल आहे. आपण जवान आहोत असं भासवण्यासाठी जवानाचा पोशाख किंवा खूण वापरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचा तसा हेतू नाही हे मला कळतं. तरी टी-शर्टवर अकॅडमीचं नाव, गावाचं नाव आणि सोळाशे मीटरची वेळ छापा. शारीरिक चाचणीला मैदानावर तुझी तीच वेळ बघतील.